नियंत्रण गटातल्या बायका

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावावर बोलत होतो. अगदी शेवटी एका श्रोत्याने विचारले, की न्यायदर्शन, ह्यूम वगैरे सगळे ठीक, पण आजच्या विज्ञानात त्याचे काय काम? तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आजचे व्याख्यान त्याच प्रश्नाला दिले आहे. विषय वैद्यकीय संशोधनाचा घेतला आहे.

वैद्यकातली प्रगती म्हटली की वर्तमानपत्रांना जनुके दिसतात, एमआरएनए दिसते, यंत्राची बुद्धी दिसते. आम्ही त्यातले काहीच घेणार नाही. आम्ही घेतो आहोत ते संशोधन बार्शीच्या एका कर्करोग रुग्णालयातून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाले. आता त्या जिल्ह्याचे नाव धाराशिव आहे, पण शोधनिबंधात उस्मानाबाद छापले आहे म्हणून आम्हीही तेच म्हणू. जगभरच्या आरोग्यधोरणावर त्याचा ठसा उमटला आणि महाराष्ट्रात ते फारसे कोणाच्या गावीही नाही. त्याचे कौतुक करायचे आहेच. पण आज मुख्यतः त्याची चिकित्सा करायची आहे.

आधी रोग समजून घेऊ. गर्भाशयमुखाचा कर्करोग. खेड्यातल्या बाया त्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात आणि ते नाव शास्त्रीय नावापेक्षा स्पष्ट आहे. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो होतो आणि सत्तर हजारांहून अधिक स्त्रिया त्याने मरतात. त्याच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू असतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. विषाणूची लागण आणि कर्करोग यांच्यामध्ये बहुधा दहा, पंधरा, वीस वर्षे जातात. हा मधला काळ फार महत्त्वाचा. रोग इतका सावकाश येत असेल तर त्याला वाटेत गाठता येते. म्हणजेच या रोगाने होणारा मृत्यू बऱ्याच अंशी टाळता येणारा आहे. पुढचा सगळा वाद ‘टाळता येणारा’ या दोन शब्दांभोवती फिरतो.

गाठायचे कसे? तीन मार्ग होते. एक, पॅप तपासणी. पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. दोन, व्हीआयए. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगर, लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचे. तीन, विषाणूचीच चाचणी. यातला कोणता मार्ग आपल्याकडच्या खेड्यात जीव वाचवतो, हे विचारण्यासाठी १९९९ साली उस्मानाबादेत चाचणी सुरू झाली. डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने, टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांचे सहकारी. ४९७ गावे, त्यांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. समूहांचे चार गट पाडले, तेही चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. तीन गटांना एकेक तपासणी देऊ केली. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. नेहमीची सेवा म्हणजे काय? तपासणीच्या बाबतीत, काही नाही. हा नियंत्रण गट. त्यात ३१,४८८ स्त्रिया होत्या.

आता दर्शनशास्त्राकडे येऊ. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती नैयायिक कशी ठरवतो? अन्वयाने आणि व्यतिरेकाने. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. आणि मध्ये लुडबुडते ती उपाधी. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे नाही, लाकूड ओले असावे लागते. ओले लाकूड ही उपाधी. आजचे संशोधक जिला गोंधळ घालणारा घटक म्हणतात ती हीच. तपासणी करून घेणारी बाई मुळातच थोडी सुस्थित, दवाखान्याजवळ राहणारी, घरात चार शब्द ऐकले जाणारी असेल, तर ती जगली ती तपासणीमुळे की सुस्थितीमुळे? जुना नैयायिक एकेक उपाधी शोधून काढी आणि तिचे निराकरण करी. विसाव्या शतकातल्या संख्याशास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती केली. उपाधी शोधत बसायचेच नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, म्हणजे ठाऊक असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या उपाध्या दोन्हीकडे साधारण सारख्या वाटल्या जातात. युक्ती फार हुशार आहे आणि आम्हांला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण व्यतिरेक इथे नुसता तर्कातला उरत नाही. ‘जिथे तपासणी नाही’ ही जागा कोणाला तरी प्रत्यक्ष भरावी लागते. त्या जागी ३१,४८८ बायका होत्या.

निकाल २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. आठ वर्षांत नियंत्रण गटात ६४ स्त्रिया या कर्करोगाने गेल्या. विषाणूचाचणीच्या गटात, जो थोडा मोठाच होता, ३४ गेल्या. हजारी हिशेब करा. तिकडे दोन, इकडे एक. वर्तमानपत्री भाषेत ‘मृत्यू निम्म्यावर’. पण नीट वाचायचे तर घट ४८ टक्के, आणि संशोधकांनी स्वतःच दिलेली अनिश्चिततेची मर्यादा साधारण १७ ते ६७ टक्के. ‘निम्म्यावर’ म्हणणाऱ्याने हे दोन आकडेही सांगायला हवेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना चकवते. विषाणूचाचणीच्या गटात कर्करोग सापडलेल्या स्त्रिया १२७, नियंत्रण गटात ११८. घाईने वाचणारा म्हणेल, तपासणीने कर्करोग कुठे कमी झाला? कमी झाला नाही, लवकर सापडला. नियंत्रण गटातल्या ११८ पैकी ८२ जणींचा रोग पुढच्या टप्प्यात गेल्यावर कळला, चाचणीच्या गटात अशा ३९ होत्या. सगळा फरक या दोन आकड्यांत आहे.

आणि पॅप तपासणी, व्हिनेगर? तिथे मृत्यूंमध्ये ‘लक्षणीय फरक’ आढळला नाही. पॅपच्या गटात ५४ मृत्यू, व्हिनेगरच्या गटात ५६. इथे पुष्कळ भाष्यकारांनी उडी मारली, की या तपासण्या निरुपयोगी ठरल्या. ही उडी चुकीची आहे आणि का, ते आपल्याकडे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अनुपलब्धी हे प्रमाण मानणारे ते सरसकट मानत नाहीत, योग्यानुपलब्धी मानतात. टेबलावर घडा दिसला नाही, तर टेबलावर घडा नाही हे ज्ञान होते, कारण असता तर दिसला असता. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. तेव्हा विचारायचे ते हे, की फरक असता तर या अभ्यासात दिसला असता का? मध्यम आकाराचा फरक असता तर कदाचित नसता दिसला. हजारी हिशेबात ते दोन्ही गट नियंत्रण गटाच्या थोडे खालीच आहेत, दोनच्या जागी १.७ च्या आसपास. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत.

शिवाय दुसरीकडे तीच तपासणी वेगळे बोलली. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, हे २००७ साली लॅन्सेटमध्ये आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांमध्ये तीच चाचणी घेतली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन, दर दोन वर्षांनी फेऱ्या करून. बारा वर्षांअखेर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. मग व्हिनेगर उपयोगी की निरुपयोगी? आमच्या मते प्रश्नच असा विचारू नये. व्हिनेगर बाटलीत बसून काम करत नाही. कोणी बघितले, किती वेळा बघितले, डाग दिसल्यावर त्या बाईला उपचारापर्यंत कोणी नेले, हे सगळे मिळून ‘तपासणी’ होते. औषधाची गोळी बार्शीत आणि बोस्टनमध्ये बहुतांशी सारखी. तपासणी मात्र माणसांची बनलेली असते. ओले लाकूड इथे उपाधी म्हणून बाजूला काढता येत नाही, ते चुलीचाच भाग आहे. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनाने औषधांच्या चाचणीचा साचा जसाच्या तसा उचलला, त्यातून हा घोळ झाला, असे आम्हांला वाटते.

असो. आता अवघड भागाकडे.

अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी या तीन चाचण्यांवर कडक टीका केली. मुंबईहून निघणाऱ्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये २०१४ साली ती आली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पॅप तपासणी पाश्चात्त्य देशांत अनेक दशके चालू आहे, तिने मृत्यू घटले हे जगाला ठाऊक आहे. मग अमेरिकी पैशाच्या बळावर भारतात १,३८,६२४ स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजायचे कारण काय? त्या गटांत किमान २५४ स्त्रिया या कर्करोगाने मेल्या. मुंबईच्या चाचणीबाबत तर अमेरिकेच्याच मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने म्हटले, की स्त्रियांना संमती घेताना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती.

संशोधकांचे उत्तरही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही. भारतात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. नियंत्रण गटातल्या बाईला चाचणी नसती तर जे मिळाले असते तेवढे मिळालेच, वर आरोग्यशिक्षणही मिळाले. आणि पॅप तपासणी आपल्याकडे चालते हे गृहीत धरणे चूक होते. उस्मानाबादचाच आकडा बघा.

दोन्ही बाजूंना आम्हांला काही विचारायचे आहे. आधी टीकाकारांना. २५४ हा आकडा हृदयाला भिडतो, पण तो वाचवता आलेल्या जिवांचा आकडा नव्हे. उस्मानाबादेत सर्वांत चांगल्या तपासणीनेही मृत्यू निम्मे झाले, शून्य नव्हे. २५४ मधल्या कित्येक जणी तपासणी होऊनही वाचल्या नसत्या. टीका खरी असेल तर तिला फुगवलेल्या आकड्याची गरज पडू नये. शिवाय परदेशातले यश इथे आपोआप उतरते, हेही गृहीतकच आहे. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसऱ्या जागी संशय बसवला आहे, कारण संशयाशिवाय शोध सुरूच होत नाही. कोणती तपासणी इथे चालेल, हा संशय १९९९ साली प्रामाणिक होता, असे आम्ही मानतो.

पण प्रश्न चार गटांचा आहे. पहिल्या तीन गटांत कोणता मार्ग सरस, हा संशय खरा. चौथ्या गटाच्या मागे कोणता संशय होता? ‘काहीच न करणे हे काही करण्याइतकेच चांगले असेल काय’, हा? तो संशय तितका प्रामाणिक वाटत नाही. संशोधकांचे सगळे समर्थन टेकते ते ‘नेहमीची सेवा’ या शब्दांवर. हे शब्द फोडून बघा. उस्मानाबादच्या बाईला तपासणी मिळत नव्हती, हे वर्णन झाले. न मिळणे ही तिच्यासाठी योग्य पातळी आहे, हा निवाडा झाला. वर्णनातून निवाडा आपोआप निघत नाही, हे ह्यूमने अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले. ‘आहे’ वरून ‘असावे’ वर जाताना मध्ये एक पायरी लागते, ती या निबंधांत आम्हांला सापडत नाही. दुर्लक्ष पुरेसे जुने झाले की त्याला ‘प्रचलित सेवा’ हे नाव मिळते, आणि मग त्याच्याशी तुलना करून प्रगती मोजता येते. ज्या देशात सगळ्यांना तपासणी मिळते तिथे असा नियंत्रण गट ठेवताच आला नसता. म्हणजे पुरावा निर्माण होण्यासाठी वंचितपणा हा कच्चा माल लागला. हे कटू आहे, पण उस्मानाबादच का, बोस्टन का नाही, याचे दुसरे उत्तर आम्हांला दिसत नाही.

कोणी म्हणेल, मग काय करायला हवे होते? पुरावाच नको? पुरावा हवाच. केनियात काय केले ते बघा. तिथे एचपीव्ही लशीच्या एका मात्रेची चाचणी झाली, १५ ते २० वयाच्या २,२७५ मुलींमध्ये. निकाल २०२२ साली आला. दीड वर्षाअखेर संरक्षण ९७.५ टक्के. तिथल्या नियंत्रण गटाला रिकाम्या हाताने ठेवले नव्हते. त्यांना मेंदूज्वराची लस दिली, आणि एचपीव्हीची लस नंतर देण्याचे चाचणीच्या आराखड्यातच होते. म्हणजे व्यतिरेकाची जागा भरणारी मुलगी काही काळच तिथे थांबणार, हे आधी ठरलेले. तपासणीच्या चाचणीत मृत्यू मोजायचे असल्याने हे इतके सोपे नाही, हे मान्य. पण टप्प्याटप्प्याने सर्व गावे तपासणीत आणायची आणि मागे राहिलेल्यांशी तुलना करायची, हा आराखडा तेव्हाही ठाऊक होता.

लशीची गोष्ट निघालीच आहे, तर आपल्याकडच्या एका चमत्कारिक प्रसंगाबद्दल सांगतो. २००९ च्या सप्टेंबरात भारतात नऊ ठिकाणी, त्यात पुणे, मुंबई आणि पुन्हा बार्शी, एक मोठी चाचणी सुरू झाली. लशीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हा प्रश्न. वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातेत लशीचा एक वेगळा प्रात्यक्षिक प्रकल्प चालू होता. त्यातल्या सात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी पालकांऐवजी संमतीच्या सह्या केल्या होत्या, आणि संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर जे ताशेरे ओढले ते योग्यच होते. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लस देणे थांबवले, आणि या दुसऱ्या चाचणीचेही काम जागीच थांबले. तोवर १७,७२९ मुलींना लस टोचली होती, पण सगळ्यांच्या मात्रा पुऱ्या झाल्या नव्हत्या. सुमारे ४,९५० मुली एकाच मात्रेवर राहिल्या.

आता गंमत बघा. संशोधकांनी या मुलींना सोडले नाही. वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०२१ साली निकाल आला. एका मात्रेने कर्करोग घडवणाऱ्या दोन मुख्य प्रकारांच्या टिकाऊ लागणीपासून ९५.४ टक्के संरक्षण, तीन मात्रांनी ९३.३ टक्के. म्हणजे व्यवहारात सारखेच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा पुरेशी असू शकते हे स्वीकारले. एका मात्रेत भागते म्हणजे तेवढ्याच पैशात दुपटीने मुली, आणि गरीब देशांसाठी सगळे गणितच बदलले.

या एका मात्रेच्या गटासाठी चिठ्ठ्या कोणी टाकल्या होत्या? कोणी नाही. सरकारी आदेशाने तो गट पडला. तुलनेसाठी लस न घेतलेल्या स्त्रिया नंतर शोधून आणल्या. यादृच्छिक चाचणीच्या कट्टर भक्ताने हा पुरावा दुय्यम म्हणून बाजूला ठेवायला हवा होता. ठेवला नाही, आणि बरे झाले. केनियाच्या चिठ्ठ्यांनी पुढे त्याला दुजोरा दिला. यावरून आमचा एवढाच मुद्दा, की पुराव्याची उतरंड म्हणून जी शिडी वैद्यक महाविद्यालयांत शिकवली जाते, ती वेदवाक्य नाही. खालच्या पायरीवरचा पुरावा कधी पुरेसा असतो हे ठरवायला विवेक लागतो. तो २०२२ साली एका मात्रेच्या बाबतीत दाखवता आला. मग १९९९ साली ‘काहीच न करण्या’च्या बाबतीत का दाखवता आला नाही?

आज लस पुण्यातच बनते, सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक. २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींच्या पिढीत या कर्करोगाचा एकही रुग्ण आढळला नाही, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. फार मोठी गोष्ट आहे. आमच्या नातीच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना ती लस मिळावी, असेच आम्ही म्हणू.

पण लस पुढच्या पिढीची. आज जी बाई चाळिशीची आहे तिला लशीचा फारसा उपयोग नाही. तिला तपासणीच हवी. आणि कोणती तपासणी, याचे उत्तर तर उस्मानाबादनेच दिले होते. जागतिक आरोग्य संघटना आज विषाणूचाचणीलाच पहिली पसंती देते, आणि २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत पुन्हा तपासणी व्हावी असे उद्दिष्ट ठेवते. आपल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या रोगाची तपासणी कधीतरी झालेल्या किती निघाल्या? १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. निकाल छापून आल्याला तेव्हा दहा वर्षे होऊन गेली होती.

संशोधकांचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद असा होता, की या बायकांच्या सहभागातून पुढच्या लाखो बायकांचा जीव वाचेल. हा युक्तिवाद भविष्यकाळावर काढलेली हुंडी आहे. ती वटली तरच तो खरा. आणि ती वटवण्याची जबाबदारी संशोधकांची नव्हती, हेही न्यायाने सांगायला हवे. शंकरनारायणन, शास्त्री यांनी आपला निबंध लिहिला, धोरणासाठी आग्रहही धरला. हुंडी सरकारच्या नावावर होती. नैतिक समित्या चाचणीला परवानगी देताना बाईची संमती तपासतात, विमा तपासतात, कागद तपासतात. निकाल अनुकूल आला तर याच गावांना तो किती वर्षांत, कोणाच्या खर्चाने मिळेल, हे लेखी मागताना आम्ही तरी पाहिलेले नाही. ते मागावे. केनियाच्या आराखड्यात ते मुलीपुरते होते, आपण ते तालुक्यापुरते मागू शकतो. नियंत्रण गटातल्या त्या ३१,४८८ पैकी ज्या आज हयात आहेत त्या साठीच्या आणि सत्तरीच्या आहेत, त्यांना आता तपासणीचा फारसा लाभ नाही. त्यांच्या लेकी-सुना मात्र आज बरोबर त्या वयात आहेत, ज्या वयात आईचे किंवा सासूचे नाव यादीत लिहिले गेले होते.

वेळ झाली आहे. पुढच्या वेळी आपण संमती या संकल्पनेकडे येऊ, विशेषतः जिथे बाईऐवजी घर संमती देते तिथे. आता प्रश्न घेऊ.